नांगर न लागलेली बाग

परवा शाळेत शिकवून घरी येताना कॉलनीच्या बागेतल्या नळाखाली तणनाशक फवारायचा पाठीवरचा पंप उघडा पडलेला दिसला आणि माझं डोकं फिरलं. खेळून दमलेली मुलं याच नळाला तोंड लावून पाणी पितात. आमचा माळी सदाशिव टाकीत पाणी भरत होता, हलवत होता आणि तिथंच ओतत होता. ओतलेलं पाणी फेसाळत कडेच्या अळवात जिरत होतं.

"काय चाललंय, सदाशिव?"

"धुतोय, ताई. रविवारी मीटिंग झाली की मारायचंय. तात्या म्हणलं, नोझल तपासून ठेव, गणपतीच्या आत उरकायचं."

"अहो, मीटिंग अजून व्हायचीय ना? आधीच कसं ठरलं?"

"ती काय, व्हतीच की," तो म्हणाला आणि पुन्हा टाकी हलवू लागला. त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी होऊन सुटलेली होती. हातमोजे मागायचे असतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि मागितले तर कुणी देणार नाही.

घरी आले तरी राग उतरला नाही. भाद्रपद जवळ आला की मला हा राग येतोच. सगळ्यांना या दिवसांत गणपतीच्या मूर्तीची, मखराची, मोदकांची आठवण येते. मला एक पिवळी पडलेली बाग आठवते.

बारामती-इंदापूरच्या आमच्या पट्ट्यात भाद्रपदाचा पाऊस बेभरवशाचा. पण पाट भरून वाहत असतो, ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, दुपारचं ऊन चटका देतं आणि संध्याकाळी कुठूनतरी एखादी सर येऊन जाते. अशा उन्हापावसात जमीन गप्प बसत नाही. गटारीच्या कडेनं, रस्त्याच्या खडीतून, भिंतीच्या फटीतून काहीतरी हिरवं वर येतंच. शहाणी माणसं त्याला तण म्हणतात. माझी आई त्यातल्या निम्म्याला भाजी म्हणायची.

ही कुर्डू, हा तांदुळजा, ही घोळ, ही पाथरी. आई नुसत्या बोटानं दाखवत जायची. तिला अक्षर वाचता येत नाही, पण पान वाचता येतं. माझ्या माहेरी, वरकुट्यात, तिनं सगळं आयुष्य भांगलणीला घालवलं. लोकांच्या उसात, मक्यात, बाजरीत उकिडवं बसून खुरप्यानं तण काढायचं, एक सरी संपली की दुसरी. गावातल्या दहा-बारा बायकांची मिळून टोळी असायची. सकाळी डबे घेऊन निघायच्या, सरीत एका ओळीत बसायच्या, आणि बोलत बोलत अख्खं वावर स्वच्छ करून उठायच्या. तण काढताना जे खाण्यासारखं असे ते पदराच्या ओट्यात जायचं. आमच्या घरी रात्रीची भाजी त्या ओट्यातून यायची. त्या खुरप्यावर मी शिकले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. सुट्टीहून वसतिगृहात परतताना इंदापूरहून बारामतीच्या एसटीत बसायचे तेव्हा खिडकीतून उसात बसलेल्या बायकांच्या पाठी दिसायच्या, आणि त्यात आपली आई असेल का, हे मी शोधत बसायचे. हे मी विसरत नाही. विसरणार नाही.

आणि भाद्रपदात, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमी. हे व्रत आता नव्या मुलींना सांगावं लागतं. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. जिथं नांगर फिरला, बैल राबला, तिथलं धान्य नको, तिथली भाजी नको. आपोआप उगवलेलं किंवा हातानं लावलेलं तेवढंच चालतं. मग दाराशी लावलेलं अळू, कुंपणावरचा भोपळा, भेंडी, माठ, कुर्डू असं सगळं एकत्र करून बिनमसाल्याची एक भाजी शिजवायची आणि भगरीबरोबर खायची. तीच ऋषीची भाजी. वर्षभर बैलाच्या जिवावर जगतो, तर एक दिवस त्याच्या घामाचं खायचं नाही, एवढा साधा विचार. मला तो फार मोठा वाटतो. एवढा विचार करणारी बाई निरक्षर कशी म्हणायची?

पण ऊसपट्ट्यात ही भाजी आणायची कुठून? वरकुट्यात आता नांगर न लागलेली वीतभर जागा नाही. बांध होते तेही दोन्हीकडून नांगरून सुतळीएवढे राहिले, आणि जे राहिले त्यांच्यावर तणनाशक मारतात. भांगलणीच्या टोळ्या मोडल्या. दहा बायका आठ दिवसांत करायच्या ते काम एक माणूस पाठीवर पंप घेऊन सकाळच्या पारी करतो. बायकांच्या हातचं काम गेलं, आणि कामाबरोबर ओट्यातली भाजीही गेली. आई एकदा म्हणाली होती, "बांधावरनं चालताना आता खाली बघायलाच नगं वाटतं. जळल्यावानी दिसतंय समदं."

म्हणून माझ्या लग्नानंतर आई दर भाद्रपदात बारामतीला माझ्याकडे येऊ लागली. खेड्यातली बाई रानभाजीसाठी शहरात येते हे ऐकून लोक हसायचे. पण आमच्या कॉलनीची बाग पाटाच्या कडेला आहे. पूर्वी ती नुसती मुरमाड मोकळी जागा होती, मग कुंपण घातलं, चार झाडं लावली, घसरगुंडी आणि झोके बसवले. तिथं नांगर कधीच फिरला नव्हता. आईनं पहिल्याच वर्षी बाग पाहिली आणि म्हणाली, "ही जागा ऋषीची हाय."

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. चतुर्थीला दुपारी गणपतीची पूजा आटोपली की आई पिशवी घेऊन बागेत जायची. कुंपणाच्या कडेची कुर्डू, झोक्यांमागचा तांदुळजा, नळाजवळचं अळू, पायवाटेच्या फरशांतली घोळ. कॉलनीतल्या बाकीच्या बायकांना यातलं निम्मं ओळखता यायचं नाही, म्हणून आई सगळ्यांसाठी खुडायची आणि घरोघर वाटायची. सात घरं होती. समोरच्या तात्यांच्या घरी त्यांच्या बायको, आमच्या काकू, पदर खोचून दारातच उभ्या असायच्या. एका वर्षी त्या आईला म्हणाल्या, "अवो, पण आता बैल हायेत कुठं? समदा ट्रॅक्टरच फिरतोय. मग ऊस खाल्ला तर व्रत मोडंल व्हय?"

आई म्हणाली, "ट्रॅक्टरचा घाम काढून दावा, मग बघू."

रशीदभाईंच्या आईलासुद्धा अळू जायचं. रशीदभाईंचं बियाणं-औषधांचं दुकान आहे, घर आमच्या ओळीत शेवटचं. त्या म्हातारीचं व्रत नव्हतं, पण भाजी आवडायची. "ऋषीची म्हणा न्हायतर पिराची म्हणा, चिंच मातूर घालू द्या," म्हणायच्या, आणि आई कानांवर हात ठेवायची, कारण या भाजीत असं काही घालत नाहीत.

आता त्या वर्षाचं सांगते. सहा वर्षं झाली त्याला.

त्या वर्षी गणपतीचा मांडव पहिल्यांदा बागेत घालायचा होता. पाऊस बरा झाला होता, गवत गुडघ्याला लागत होतं. मांडवाच्या आधी बाग स्वच्छ दिसावी म्हणून चतुर्थीच्या तीन दिवस आधी भल्या सकाळी सदाशिवनं सगळ्या बागेत तणनाशक मारलं. कुंपणाच्या कडेनं, पायवाटेवर, झाडांच्या बुंध्यात, घसरगुंडीच्या खाली. औषध तात्यांच्या गावच्या उसातलं उरलेलं होतं. कुणी कुणाला सांगितलं नाही. फाटकावर पाटी लावली नाही. मी शाळेत होते. आई हरतालिकेच्या दिवशी वरकुट्याहून आली, तेव्हा बाग तिला नेहमीसारखी हिरवीगार दिसली. नव्हे, जास्तच टवटवीत दिसली, कारण रात्री सर पडून गेली होती.

हेच मला सहन होत नाही. विष मारलेलं पान दुसऱ्या दिवशी जळून गेलं असतं, तर आईनं त्याला हात लावला नसता. पान वाचता येणाऱ्या बाईला पानानं फसवलं.

चतुर्थीला तिनं भाजी खुडली. कॉलनीतल्या लहान मुली तिच्याभोवती बसून दूर्वा मोजत होत्या, तीन तीन पात्यांची दूर्वा, एकवीस झाल्या की दोरा. हात गुंतले की एखादी मुलगी जुडी दातांत धरायची. मी बाकावर बसून बघत होते. मला ते दृश्य इतकं आवडलं होतं की मी मोबाईलमध्ये फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. पुसून टाकायला हात होत नाही आणि बघवतही नाही.

पंचमीला आम्ही भाजी खाल्ली. षष्ठीच्या पहाटेपासून आईला उलट्या सुरू झाल्या. पोटात मुरडा, तोंडात चिकटा, डोकं भणभणलेलं. मी म्हणाले, "उपाशीपोटी पित्त झालं असेल. लिंबू-सरबत घे." पदवीधर मुलीनं केलेलं निदान. डॉक्टरांनीही दोन गोळ्या दिल्या आणि बाहेरचं काही खाल्लं का, असं विचारलं. आई म्हणाली, "न्हाय ओ, घरचंच." त्या दोन दिवसांत माझंही पोट बरं नव्हतं. सणाची दगदग, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

गौरी आल्या त्या दिवशी, मुखवटे आत आणण्याआधी, आई हळद-कुंकवाची पावलं काढायला दाराबाहेर बसली होती. तिथून बाग दिसते. तिची बोटं कुंकवातच थांबली.

"मंगल," ती म्हणाली, "इकडं ये. त्या कुंपनाकडं बघ."

कुंपणाची कड पिवळी पडली होती. झोक्यांमागचा पट्टा पिवळा. नळाजवळचं अळू देठापासून मान टाकून पडलं होतं. सगळी बाग नव्हे, फवारा जिथून जिथून गेला तेवढीच रेघ, कुणी बोट दाखवून सांगावं तशी.

आई उठली. तिनं हात धुतले, पुसले आणि चपला घातल्या. मी विचारलं कुठं निघालीस. ती म्हणाली, "सात घरं हायेत."

गौरींच्या दिवशी, सवाष्ण बायका नटून-थटून बाहेर निघतात त्या वेळेला, माझी आई घरोघर दार वाजवत फिरली. मी तिच्यामागे. प्रत्येक दारात तेच वाक्य. "बाई, भाजी म्या खुडली व्हती. कुणाला काय तरास झाला का? माझं चुकलं." एका घरात सून दोन दिवस झोपून होती. एका घरात मुलाला जुलाब झाले होते, ते मोदकांवर ढकलले गेले होते. बाकीच्यांना काही झालं नव्हतं, किंवा झालं असलं तरी ते सांगत नव्हते. रशीदभाईंच्या आईनं तिचा हात धरून तिला आत बसवलं. काकू दारात आल्या, त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण म्हणाल्या, "न्हाय वो, आमच्यात काय न्हाय झालं. तुमी कशाला जिवाला लावून घेता?" आणि दार लोटून घेतलं.

चूक कुणाची आणि माफी कोण मागतंय, हे मी डोळ्यांनी पाहत होते. ज्यानं विष आणलं त्याच्या घरी आरती चालू होती. जिनं आयुष्यभर लोकांची तणं हातानं काढली ती हात जोडून उभी होती.

रशीदभाईंनी मला दुकानात बोलावलं. त्या तणनाशकाच्या डब्याबरोबर घडी घातलेलं एक पत्रक येतं, बारीक अक्षरांचं. ते त्यांनी काउंटरवर पसरलं. "ताई, तुमी वाचा. तुमी शिकलेल्या. हितं पिकांची नावं हायेत. यात बाग कुठं लिवलीय का बघा." मी वाचलं. बाग नव्हती. घसरगुंडी नव्हती. ऋषीची भाजी नव्हती. "हे पानातनं मुळात उतरतं. वरनं आठवडाभर हिरवं दिसतं, आन मग एकदम जातं. माझ्याकडं आलं असतं तर मी बागेसाठी दिलंच नसतं. पण घरचं उरलेलं कोण विचारून वापरतंय?" सदाशिवला विचारलं तर तो म्हणाला, "टोपनानं मापून टाकलं, ताई. एक टोपन माझ्या मनानं जास्त टाकलं, तण दांडगं व्हतं म्हणून." त्याच्यावर मला रागावता आलं नाही. उसात सगळेच एक टोपण मनानं जास्त टाकतात. आमच्याकडे त्याला माया समजतात.

मग मी तात्यांकडे गेले. तात्या म्हणजे आमच्या कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष, कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, हे मला आधी लिहायला हवं. मी वरकुट्याहून कॉलेजला आले तेव्हा वसतिगृहाचा फॉर्म कसा भरायचा हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ओळखीतून माझ्या वडिलांनी त्यांना गाठलं, आणि ते स्वतः माझ्याबरोबर ऑफिसात आले, माझ्या जागेसाठी एक तास बसून राहिले. ते नसते तर मी पहिल्याच आठवड्यात गावी परतले असते. त्यांच्यापुढे माझा आवाज निघत नाही.

मी कसंबसं सांगितलं की बागेत मारलेल्या औषधानं त्रास झाला असावा. भाजीपर्यंत, सात घरांपर्यंत पोचलेच नाही. आईनं बजावलं होतं, "सण हाय, कुणाचं नाव घ्यायचं न्हाय." तात्या हसले. "अगं, चाळीस वर्षं उसात मारतोय आमी. मेलो का? तू सायन्सची ना? असं अडाण्यावानी बोलू नये. बस, चहा घे."

मी बसले. मी चहा घेतला.

त्या चहाचा राग मला अजून आहे. आणि त्याहून मोठा राग आणखी एका गोष्टीचा आहे, ती आजवर कुणाला सांगितली नाही. कमिटीची सचिव मीच आहे. "तुम्ही शिकलेल्या, अक्षर चांगलं, इतिवृत्त तुम्ही लिहा," असं सगळे म्हणाले तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. त्या वर्षीच्या रजिस्टरात माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलंय: "गणेशोत्सवापूर्वी बागेतील तण काढून घेण्याचे सर्वानुमते ठरले." काढून घेणे. कुणी, कशानं, हे मी विचारलं नाही. तण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे खुरपं आलं असेल, आईचा वाकलेला पाठीचा कणा आला असेल, आणि मी पुढचा मुद्दा लिहायला घेतला. वाक्य शुद्ध होतं. त्याखाली माझी सही आहे.

आई त्यानंतर भाद्रपदात बारामतीला आली नाही. "पाय दुखत्यात," म्हणते. फोनवर ऋषिपंचमीचा विषय काढला की म्हणते, "इकत आनतो काकडी-भोपळा. तेच खायचं." विकत आणलेली काकडी, नांगरलेल्या वावरातली. तिचं व्रत तिथं मोडतं हे तिला कळतं, पण बागेतल्या भाजीला ती हात लावणार नाही. स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास गेला. तो परत कसा द्यायचा, हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही.

आणि फवारणी दरवर्षी होत राहिली. दरवर्षी चतुर्थीच्या आधी मी घरोघर सांगून यायचे, बागेतलं काही खुडू नका, मुलांना दूर्वा तोंडात घालू देऊ नका, आठवडाभर अनवाणी सोडू नका. फवारणारे कधी सांगत नव्हते, सांगायचं काम माझं. लोक मान डोलवायचे. काही जण हसायचेही. "तुमच्या सायन्सच्या बाईंना घाबरायची सवयच," असं मागून ऐकू यायचं. स्वच्छ बाग म्हणजे पिवळी रेघ, मग तपकिरी रेघ, मग उघडी माती, असं आमच्या मुलांना वाटू लागलं. एकदा वर्गात मी कुर्डूचं पान दाखवलं, तर शेतकऱ्याचाच मुलगा म्हणाला, "बाई, याच्यावर आमी पंप मारतो." त्याला तेवढीच ओळख. मी सहा वर्षं हे सगळं मनात ठेवलं, आणि मला वाटतं मी ते सौजन्य समजत होते.

रविवारी सकाळी बागेत बैठक झाली. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. मी पुढं, रजिस्टर मांडीवर. तात्यांनी वर्गणी, मांडव, लाइटचे मुद्दे उरकले आणि म्हणाले, "पाच नंबर लिव. बागेतील तण काढून घेणे."

मी पेन टेकवला नाही. म्हणाले, "तात्या, कशानं काढायचं ते सांगा. तसं लिहिते."

"कशानं म्हंजे? दरसाल काढतोय तसंच."

"म्हणजे तणनाशक मारून. मग तसंच लिहू द्या. आणि त्याच्याखाली मला सहा वर्षांपूर्वीचं लिहायचंय. ते त्या वेळी मी लिहिलं नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "चला, आता भाषण." दोघं-तिघं हसले. या वेळी माझा आवाज निघाला. मी उभी राहिले आणि सांगितलं. कुठल्या दिवशी मारलं, कुठल्या दिवशी भाजी खुडली, आई दोन दिवस कशी पडून होती, ती घरोघर कशी माफी मागत फिरली. त्याच भाजीनं झालं असं लिहून द्यायला माझ्याकडे डॉक्टरांचा कागद नाही, हेही सांगितलं, कारण तेव्हा आम्ही कुणी तो मागितलाच नाही. मग सातही घरांची नावं वाचली. रशीदभाई उभे राहून म्हणाले, "आमच्यात आमच्या आईनं खाल्ली व्हती. लिवा."

तात्यांचा चेहरा लाल झाला होता. "तू आमचंबी नाव घेतलंस. आमच्यात कुणी खाल्ली न्हाय तसली भाजी. उगा काय बी बोलायचं?"

सतरंजीवरून आवाज आला. "म्या खाल्ली."

काकू बसल्या जागीच बोलल्या, उठल्याही नाहीत. "पंचमी माझी असती का तुमची? म्या खाल्ली. दोन दिस न्हाणीत वकत व्हते, पोटात पानीबी ठरत नव्हतं. तुमी इचारलं, मांडवात आरतीला का येत न्हाईस. म्हणलं, अंगात कणकण हाय."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"काय सांगू? पंप तुमीच दिलेला. हिची आई दारात हात जोडून हुबी ऱ्हायली, तिलाबी खोटं बोलले म्या. तुमचं नाव जाऊ नये म्हणून. सहा वरसं झाली, त्या बाईचं तोंड बघितलं न्हाय म्या."

 तात्या खाली बघत होते. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं का, हे मी स्वतःला विचारलं. थोडं वाटलं. पण त्या थोड्यापायी मी पुन्हा चहा घेणार नव्हते.

एक जण चाचरत म्हणाला, "यंदापुरतं थांबवू. सणापुरतं."

"सणापुरतं न्हाय," काकू म्हणाल्या. "हितनं पुढं बागेत पंप शिरायचा न्हाय. खुरप्यानं काढायचं. आमाला काय खुरपं धरता येत न्हाय व्हय? एका सकाळचं काम हाय दहा बायकांचं. सदाशिवच्या हाताला काय झालंय बघा आधी."

मी लिहू लागले. एकेक शब्द पूर्ण लिहिला. तणनाशक. कीटकनाशक. कधीही नाही. आमच्या इतिवृत्तात ठराव मांडणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, सूचक म्हणून. आजवर त्या जागी एकाही बाईचं नाव नव्हतं. मी मान वर केली.

"काकू, तुमचं पूर्ण नाव काय?"

अकरा वर्षं समोरासमोर राहतो आम्ही, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

"अनसूया," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याचं नाव न घेता त्यांनी तात्यांकडे बोट केलं, आणि आडनाव सांगितलं. मी लिहिलं. रजिस्टर मिटायला लागले तशा त्या सतरंजीवरून पुढं सरकल्या आणि त्यांनी पानावर हात ठेवला.

"आन वकत व्हते, तेबी लिव," त्या म्हणाल्या. "समदं लिव."